मुलगा ‘आळशी’, मुलीला ‘बाहेरची बाधा’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



उचगावात मी फॅमिली डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस करतो, त्याला पंचवीसहून अधिक वर्षं झाली. मी मनोविकारतज्ज्ञ नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण गावातलं कोणतंही दुखणं, मग ते पोटाचं असो की मनाचं, पहिल्यांदा येऊन बसतं ते आमच्याच बाकड्यावर. शेजारी गांधीनगरची कापडाची बाजारपेठ, अंगावरून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पाळीला जाणारी माणसं आणि मधूनमधून अजून शिल्लक राहिलेला ऊस, असं आमचं गाव. निम्मं शहर, निम्मं खेडं. त्यामुळे दोन्हीकडचे समज-गैरसमज आम्हाला एकाच दिवशी ऐकायला मिळतात.

आज मला स्किझोफ्रेनिया या आजाराविषयी बोलायचं आहे. तेही कुमारवयात, म्हणजे तेरा ते अठरा-एकोणीस या वयात सुरू होणाऱ्या स्किझोफ्रेनियाविषयी. आणि त्यातही मुलगा व मुलगी यांच्यात हा आजार वेगवेगळा कसा दिसतो, घरचे त्याला वेगवेगळा अर्थ कसा देतात आणि त्यापायी कोणाचे किती महिने फुकट जातात, याविषयी.

मुलाला घेऊन येणारे आईवडील साधारण असं सांगतात, “डॉक्टर, पोरगं लई आळशी झालंय बघा. अंघोळ न्हाई, अभ्यास न्हाई. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडतंय. जरा दम द्या त्याला.” मुलीला घेऊन येतात त्या बहुतेक वेळा आई आणि आजी, किंवा आई आणि मावशी. वडील स्कूटर घेऊन बाहेरच थांबलेले असतात. आवाज खाली आणून आई सांगते, “पोरीला बाहेरचं काय तरी लागलंय वाटतंया. रात्रीची उठून बसती, कोण तरी हाक मारतंय म्हणती.” आजार एक, पण मुलाच्या वाट्याला दम येतो आणि मुलीच्या वाट्याला अंगारा.

आधी आजाराविषयी थोडं. ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगन ब्लॉयलर यांनी १९०८ साली वापरात आणला. मराठीत त्याला ‘छिन्नमनस्कता’ म्हणतात. नावातल्या ‘छिन्न’मुळे एका माणसात दोन माणसं राहतात असा समज पसरला आणि सिनेमावाल्यांनी तो पक्का केला. तसं काही नसतं. विचार, भावना आणि वास्तवाचं भान यांचा एकमेकांशी असलेला सांधा निखळतो, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. लक्षणांचे दोन ढोबळ गट पडतात. कोणी नसताना आवाज ऐकू येणं, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात अशी खात्री वाटणं, बोलण्यात संगती न राहणं ही ‘धन’ लक्षणं, म्हणजे नसलेलं काही तरी वाढलेलं. बोलणं आटणं, चेहरा कोरा होणं, कशातच रस न उरणं, मित्र तुटणं ही ‘ऋण’ लक्षणं, म्हणजे असलेलं काही तरी गेलेलं. धन लक्षणं शेजाऱ्यांनाही दिसतात. ऋण लक्षणं घरातल्यांनाही दिसत नाहीत, किंवा दिसली तरी ती स्वभावाच्या खात्यावर टाकली जातात.

जगभरच्या आकडेवारीवरून हजार माणसांत साधारण चार ते सात जणांना आयुष्यात कधी तरी हा आजार होतो. तेराव्या वर्षाच्या आत तो अतिशय दुर्मीळ. पंधराव्या वर्षाच्या पुढे मात्र प्रमाण झपाट्यानं वाढतं. नव्यानं आजारी पडणाऱ्यांत बायकांपेक्षा पुरुष अधिक, दहा बायकांमागे साधारण चौदा पुरुष. लहान वयात सुरू होणाऱ्यांत तर मुलग्यांचं पारडं आणखी जड असतं. कुमारवय सरता सरता मुली त्यांना गाठू लागतात.

जर्मनीतल्या मानहाइम इथं हाइन्झ हेफनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा फार चिकाटीनं अभ्यास केला. पहिल्यांदाच आजारी पडलेल्या माणसांना आणि त्यांच्या नातेवाइकांना बसवून, मागं मागं जात, अगदी पहिलं लक्षण केव्हा दिसलं ते त्यांनी शोधलं. त्यांना दोन गोष्टी आढळल्या. एक म्हणजे आजार पुरुषांत बायकांपेक्षा सरासरी तीन-चार वर्षं आधी सुरू होतो. बायकांत पुढे पाळी जाण्याच्या सुमारास आणखी एक लहानसा उंचवटा येतो, जो पुरुषांत नाही. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पहिलं बारीकसं लक्षण आणि दवाखान्यात पहिल्यांदा दाखल होणं यांत सरासरी पाच वर्षं गेलेली होती. पाच वर्षं! आठवीतल्या पोराचं तेरावीत गेलेलं पोर होतं.

मुलींना ही तीन-चार वर्षांची सवलत का मिळत असावी? सर्वांत जास्त चर्चा आहे ती इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकाची. मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन निरोप पोहोचवायचं काम करतं आणि या आजारात त्याचं काम काही भागांत बेसुमार वाढतं. इस्ट्रोजेन त्याला थोडा लगाम घालतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसलं. वयात आल्यावर मुलीच्या डोक्यावर हे एक छत्र येतं म्हणा. पाळीच्या आधीच्या दिवसांत, बाळंतपणानंतर आणि पाळी जाताना हे छत्र बाजूला होतं आणि नेमक्या त्याच वेळी अनेकींची लक्षणं बळावतात. मुलीला आधीपासून आजार असेल तर पाळीच्या तारखा आणि लक्षणं एकाच कॅलेंडरवर लिहून ठेवा, असं मी आयांना सांगतो. महालक्ष्मी कॅलेंडर प्रत्येक घरात असतंच, वेगळी वही लागत नाही. मात्र घराण्यात हा आजार आधीच ठळकपणे असेल तर या छत्राचा उपयोग फारसा होत नाही, असंही हेफनर यांच्या गटाला आढळलं.

मेलबर्नच्या डॉ. जयश्री कुलकर्णी (आडनाव ऐकून आपले कान टवकारतातच) यांनी याच धाग्यावरून पुढे काम केलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात १०२ आजारी स्त्रिया होत्या. त्यांतल्या काहींना नेहमीच्या औषधाच्या जोडीला इस्ट्रोजेनची चिकटपट्टी २८ दिवस लावली आणि त्यांची लक्षणं इतर स्त्रियांपेक्षा जास्त उतरली. हे संशोधन मोठ्या वयाच्या स्त्रियांवरचं आहे. हे ऐकून कोणी आपल्या मुलीला संप्रेरकाच्या गोळ्या सुरू करू नयेत.

आता आपल्याकडची गोष्ट. बंगळूरच्या निम्हान्समधल्या संशोधकांनी १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आजार सुरू होण्याच्या वयात स्त्री-पुरुषांत पाश्चात्त्य देशांसारखा फरक त्यांना सापडलाच नाही. याची कारणं अभ्यासकांनी अनेक अंगांनी मांडली आहेत. बाकड्याच्या या बाजूला बसून मला जे दिसतं ते एवढंच, की आजाराची ‘सुरुवात’ म्हणून आपण जी तारीख लिहितो ती घरच्यांनी सांगितलेली असते. आणि घरच्यांची नजर मुलाकडे वेगळी असते, मुलीकडे वेगळी. दहावीला ८० टक्के मिळवलेला मुलगा बारावीत नापास झाला की घर हादरतं, कारण त्याच्या नोकरीवर घराचा हिशेब मांडलेला असतो. मुलगी गप्प झाली तर पाहुणे म्हणतात, शहाणी झाली.

मुलांचा आजार बऱ्याचदा ऋण लक्षणांनी, पावलं न वाजवता येतो. तालमीत जाणारा मुलगा तालीम सोडतो. क्रिकेटच्या टीममधून गळतो. पुस्तक तासभर एकाच पानावर उघडं असतं. वडील मोबाइल काढून घेतात, मग क्लास बदलतात, मग आयटीआयला घालतात. ज्या मुलांचा आजार लवकर सुरू होतो, त्यांच्यातली बरीच आधीपासूनच थोडी एकलकोंडी, अभ्यासात अडखळणारी असतात. त्यामुळे ‘हा पहिल्यापासून असाच’ हे घरच्यांचं उत्तर तयार असतं. त्यात गांजाची भर पडली की चित्र आणखी गढूळ होतं. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात एकाच वर्षात जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा जन्मापासून पाठपुरावा चालू आहे. पंधराव्या वर्षीच गांजा ओढू लागलेल्यांपैकी दहा टक्क्यांना सव्विसाव्या वर्षापर्यंत स्किझोफ्रेनियासदृश आजार झाला होता. न ओढणाऱ्यांत हे प्रमाण तीन टक्के होतं. हे २००२ साली प्रसिद्ध झालं. आपल्याकडे या वाटेला मुलगेच जास्त जातात. मग घरचे म्हणतात, व्यसन सुटलं की सगळं जागेवर येईल. व्यसन सोडवायलाच हवं, पण त्याच्याखाली दडलेला आजार तेवढ्यानं जात नाही.

मुलींचं वेगळं. त्यांच्यात रडू येणं, उदासी, भीती, अचानक चिडणं अशा भावनांच्या लक्षणांची सरमिसळ जास्त असते. चेहरा तितका कोरा पडत नाही. आजारातही मुलगी भाकरी थापते, पाहुण्यांना चहा करते, हाक मारली तर ओ देते. हे एका अर्थी चांगलं लक्षण आहे. औषधाला प्रतिसादही मुलींचा, निदान पहिल्या काही वर्षांत, बहुधा बरा असतो. पण याच चांगुलपणामुळे आजार झाकला जातो. कोणी त्याला हिस्टेरिया म्हणतं, कोणी प्रेमभंग, कोणी वयातलं वेड. आवाज ऐकू येतात असं मुलीनं सांगितलं की तो आवाज कुणाचा, वाड्यातल्या सुनेचा की विहिरीतल्या बाईचा, याचीच चौकशी आधी होते. मग देवऋषी, मग नरसोबाची वाडी, मग एखादा गाणगापूरचा फेरा. माझा भाविकांशी काही वाद नाही. वाडीला जाऊन आईच्या जिवाला शांती मिळत असेल तर जरूर जावं, गोळी पिशवीत ठेवून जावं. पण भूत उतरवण्याच्या नावाखाली पोरीला मारहाण करणं, साखळीनं बांधणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

आणखी एक फरक. आजारी मुलगा रात्री घराबाहेर पडला तर चार माणसं मोटारसायकली काढून महामार्गावर शोधायला जातात आणि सकाळी अख्ख्या गल्लीला कळतं. मुलगी बाहेर पडेल या भीतीनं आधीच दाराला बाहेरून कडी लागते. आईबापांची भीती खोटी नाही. रात्रीच्या महामार्गावर भरकटलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचं काय होऊ शकतं, हे मी वेगळं सांगायला नको. पण कडीआड गेलेला आजार शेजारी, शिक्षक, आशाताई, कोणालाच दिसत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं. गंभीर मानसिक आजार असलेल्या दर चारांपैकी सुमारे तिघांना उपचार मिळत नसल्याचं त्यात दिसलं. त्या तिघांमधली काही माणसं अशी कडीआड असणार.

औषधांविषयी थोडं सविस्तर बोलतो, कारण गोळ्या सुटतात त्या इथंच. रिस्पेरिडोनसारख्या काही औषधांनी शरीरात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं. मुलीची पाळी लांबते किंवा बंदच होते, क्वचित छातीतून दूध येतं. आता विचार करा, गावातली अविवाहित अठरा वर्षांची मुलगी आणि तिची पाळी दोन महिने चुकलेली. घरात काय वादळ उठत असेल! अशी एक आई माझ्याकडे पहाटे सहाला आली होती, पोरीला मागच्या दारानं घेऊन. पोरीनं रडून रडून डोळे सुजवलेले. चाचणीनं काही नाही हे कळायला पाच मिनिटं पुरली. पण तोवर घरात तिला रात्रभर काय काय विचारून झालं होतं. औषध सुरू करतानाच कोणी ही एक ओळ सांगितली असती तर ती रात्र टळली असती. म्हणून मी आता प्रत्येक मुलीच्या आईला आणि स्वतः मुलीलाही हे आधी सांगतो. पाळी चुकली तर गोळी आपणहून बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं.

मुलांमध्ये याच संप्रेरकामुळे छाती वाढू शकते. तालमीच्या गावात त्या पोराची काय अवस्था होते! तो कारण सांगत नाही, नुसता गोळी थुंकतो. तरुण मुलग्यांना आणखी एक त्रास जास्त होतो. हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी पहिल्या काही दिवसांत मान एकदम वाकडी होते, जबडा आवळतो, डोळे वर जातात. घरच्यांना वाटतं धनुर्वात झाला, किंवा करणीचा पुरावाच मिळाला. एका इंजेक्शननं हे काही मिनिटांत सुटतं. ओलॅन्झापिननं वजन भराभर वाढतं, ते दोघांनाही. त्याची बोच मुलींना जास्त लागते, कारण बघायला येणारे लोक पत्रिकेआधी तब्येत पाहतात. साधारणपणे मुलींना तेवढाच गुण यायला कमी डोस पुरतो. उलट सिगारेट-बिडी ओढणाऱ्या मुलाच्या रक्तात ओलॅन्झापिन आणि क्लोझापिन या औषधांची पातळी खाली जाते. म्हणून बिडीची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. वडिलांपासून लपवली तरी चालेल एक वेळ.

आता येतो सर्वांत अवघड मुद्द्याकडे, लग्नाकडे. ‘लग्न केलं की बरी होईल’ हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं आहे, तितक्या वेळा ‘लग्न केलं की बरा होईल’ हेही ऐकलं आहे. म्हणजे समज दोघांच्या बाबतीत सारखाच. परिणाम मात्र सारखे नाहीत. आजारी मुलाला बायको मिळते, आजार लपवून मिळते आणि फसवणूक कळल्यावरही ती बऱ्याचदा राहते, गोळ्या देते, मजुरी करते. आजारी मुलीचं लग्न झालं की सासरी गोळ्या दिसू नयेत म्हणून त्या बंद होतात. वर्षाच्या आत दिवस जातात आणि बाळंतपणानंतर, म्हणजे सर्वांत नाजूक काळात, आजार उसळतो. मग माहेरी पाठवणी. चेन्नईच्या स्कार्फ या संस्थेच्या डॉ. आर. थारा आणि सहकाऱ्यांनी २००३ साली अशा तुटलेल्या लग्नांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक बायकांना कायदेशीर घटस्फोट मिळालेलाच नव्हता, नुसतं सोडून दिलेलं होतं. पोटगी नाही आणि सांभाळायला म्हातारे आईवडील. चेन्नईच्या जागी करवीर तालुका लिहिला तरी मला त्यातलं एक वाक्य बदलावं लागणार नाही. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण म्हणून मानसिक आजार सांगताना स्किझोफ्रेनियाचं नाव घेऊन उल्लेख आहे, हे वकिलांना पाठ असतं. केवळ आजार आहे म्हणून घटस्फोट मिळत नाही, एकत्र राहणं अशक्य व्हावं इतकी त्याची तीव्रता सिद्ध करावी लागते, हा पुढचा भाग मुलीकडच्यांना कोणी सांगत नाही. वैद्यकशास्त्र म्हणतं मुलींचा आजार थोडा सौम्य. तरी दहा वर्षांनी पाहावं तर हालात जास्त मुलीच दिसतात.

याला छेद देणारं एक उदाहरण आपल्या मराठी माणसांतच आहे. मूळचे खानदेशातले डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नी कमलिनी यांना हा आजार होता. वाणींनी तो लपवला नाही, त्यांना माहेरी धाडलं नाही. त्यांची शुश्रूषा करता करता ते या कामातच उतरले. १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी राहिली ती त्यांच्या पुढाकारानं. रुग्णांच्या नातेवाइकांनी एकत्र बसून बोलायचं, हे आपल्याकडे तेव्हा नवीन होतं. २००४ सालचा ‘देवराई’ हा चित्रपटही त्यांच्याच पाठबळानं झाला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचं दिग्दर्शन, अतुल कुलकर्णी यांचा शेष. वाणी २०१७ साली गेले. ‘देवराई’ पाहून माझ्याकडे दोन कुटुंबं आपणहून आली होती, एवढं त्या चित्रपटाचं ऋण मी मानतो. एक गोष्ट मात्र मनात राहते. चित्रपटात आजारी आहे तो भाऊ आणि त्याला सांभाळते ती बहीण. उलट असतं, बहीण आजारी आणि भाऊ-भावजय सांभाळणारे, तर प्रेक्षकाला ते खरं वाटलं असतं का?

घरात शंका आली तर काय करायचं, तेही सांगतो. दोन-तीन महिन्यांत मुलाचा किंवा मुलीचा अभ्यास, झोप, स्वच्छता आणि मित्रमैत्रिणी, सगळंच एकदम घसरलं असेल तर वाट पाहू नका. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. घाटापलीकडे रत्नागिरीला किंवा येरवड्याला नेऊन ठेवतील या भीतीनं लोक बिचकतात. बहुतेक मुलांना दाखल करावं लागतच नाही. लागलंच, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्यांना मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं. मुलीचा प्रतिनिधी पुरुष असेल तर त्यानं नेमलेली एक स्त्री पूर्ण काळ तिच्यासोबत राहिली पाहिजे. हे कायद्यातच लिहिलेलं आहे, मागून घ्या.

लग्नाचं काय, हे मला प्रत्येक मुलीची आई विचारते. मी सांगतो, घाई नको. आधी शिक्षण, आधी दोन-तीन वर्षं तब्येत स्थिर, आणि लपवून तर अजिबात नको. आमच्या भागातल्या एका मुलीच्या आईवडिलांनी हे ऐकलं. मुलीनं बी.कॉम. पूर्ण केलं, गांधीनगरच्या एका दुकानात हिशेब लिहू लागली. स्थळं आली तेव्हा त्यांनी आजार सांगितला आणि दोन स्थळं उठून गेली. त्या वर्षी तिची आई माझ्याशी बोलत नव्हती. तिसऱ्या स्थळाचे लोक मुलीच्या वडिलांना घेऊन माझ्याकडे आले, आणि मुलगीही सोबत होती. मुलाच्या चुलत्यांनी गोळीचं पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि किती दिवस घ्यायची म्हणून विचारलं. मी मुलीकडे पाहिलं. तिनंच सांगितलं, “बरीच वर्षं.” चुलते जरा थांबले आणि म्हणाले, “मग आमच्या गावात मिळती का ही, का दर महिन्याला कोल्हापूरला यायला लागतंय?”